चिखलातल्या नवरदेवाची कॅसेट

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, चांगल्या सिनेमाची नाही. देवादिकांच्या कॅसेटी असायच्या, त्यांना लोक पाय न लागेल अशा उंच फळीवर ठेवत. मी खालच्या फळीवरची. माझ्या पोटात भूत आहे, आणि त्या भुताचे कान स्पंजचे आहेत.

माझा जन्म मुंबईतल्या एका कोंदट खोलीत झाला. पाच स्क्रू, दोन चकऱ्या आणि पाव किलोमीटर लांबीची तपकिरी पट्टी एवढाच माझा देह. त्या पट्टीवर 'दलदल का दूल्हा' नावाचा सिनेमा उतरवला गेला. आम्ही दोनशे बहिणी एकाच आठवड्यात जन्मलो. सिनेमा सपशेल पडल्यावर बाकीच्यांवर लोकांनी लग्नं आणि बारशी भरली. मी वाचले, कारण मला मुरूडच्या दत्तात्रेयने त्याच्या व्हिडिओ लायब्ररीसाठी नेलं.

दत्तात्रेयला मी हवी होते, त्याचं कारण निराळं होतं. सिनेमातलं भूत त्याच्या ओळखीचं होतं.

गोष्ट अशी. सत्त्याऐंशी साली मुंबईची मंडळी आगरदांड्याच्या खाडीत शूटिंगला आली. कथा साधी, लग्नाच्या दिवशी चिखलात बुडालेला नवरदेव तिवरांतून उठतो आणि नवरी शोधत फिरतो. भुताचं काम करायला आणलेला नट मात्र गुडघाभर चिखल बघूनच मागे फिरला. गावातली धट्टीकट्टी माणसंही त्या जागी पाऊल टाकेनात, कारण तिथे म्हणे खरंच काहीतरी होतं. तेव्हा जेटीवर लाँचचा दोर बांधणारा महिपत पुढे झाला. उंच, काळासावळा, आवाज असा की खाडीपलीकडे दिघीच्या काठावर ऐकू जावा. त्याच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती आणि त्या घराने भूतखेत, अंगारे-धुपारे सगळं उंबऱ्याबाहेर टाकलं होतं. न भिता चिखलात उतरेल असा सगळ्या काठावर तो एकटाच निघाला. म्हणून जो भूत मानत नव्हता, तोच भूत झाला.

त्याला रबरी मुखवटा चढवला, स्पंजचे कान लावले आणि कपाळावर मुंडावळ्या बांधल्या. पाणी शोषून ते कान वांग्याएवढे फुगले. एका प्रसंगात खांद्यावर एक खरा खेकडा चढून बसला आणि शेवटपर्यंत उतरला नाही. महिपतनेही त्याला झटकलं नाही, कारण हलू नकोस असं त्याला सांगितलं होतं.

आणि शेवटी शाप सुटतो. मुखवटा गळून पडतो आणि महिपतचा स्वतःचा चेहरा दिसतो. धुतलेला, थोडा लाजलेला. सात सेकंद. तेवढ्यात त्याने 'मैं जा रहा हूँ' म्हणायचं होतं. पण आपल्याकडे घरातून निघताना 'जातो' म्हणत नाहीत. महिपतची जीभ त्या शब्दाला वळेना. पाच वेळा घेतलं, पाचही वेळा तो भलतंच बोलला. सहाव्या वेळी त्याने नवरीच्या दिशेने बघितलं आणि रोज सकाळी जेटीवर निघताना बायकोला म्हणायचा तेच म्हणाला, "येतो गं." दिवस मावळायला आला होता. मुंबईकर वैतागले होते. त्यांनी ते तसंच ठेवलं.

मित्रांनो, काय दिवस होते ते! लोक भर दुपारी खिडक्यांना गोधड्या लावून काळोख करत आणि मला बघत. भूत उठलं की आधी किंकाळी, मग हसू, मग कुणीतरी ओरडे, "अरे, आपला महिपत!" खेकडा आला की मला मागे फिरवून पुन्हा बघत. दत्तात्रेय सांगायचा, मोठ्या सिनेमांच्या कॅसेटी लोक एकदा नेतात, हिला मात्र चारदा नेतात. वाईट सिनेमावर लोकांचा जीव का जडतो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, चांगला सिनेमा तुम्हाला गप्प बसवतो, आणि माझ्यासारखीपुढे तुम्हाला बोलता येतं. माझ्यातल्या शिवणी दिसतात, फुगलेले कान दिसतात, आणि ते कान लावून कुणीतरी पाच तास चिखलात उभा होता हेही दिसतं. लोक मला हसत, पण ते हसणं घरातल्या माणसाला हसावं तसं होतं. मी जराशी फुगलेच होते तेव्हा.

एक्क्याण्णवच्या जूनमध्ये महिपत जेटीवर गेला. दर्या खवळलेला होता. दोर पकडताना पाय घसरला आणि तो लाँच आणि धक्क्याच्या मध्ये पडला. बाहेर काढला तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. त्याची मुलगी जयमाला त्या वेळी पाच वर्षांची होती.

घरी भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. शेजारी महिपतचा फोटो लावायला खिळा ठोकला. मग लक्षात आलं, फोटोच नाही. लग्नातला एक होता, तो कधीच वाळवीने खाल्ला होता. त्या काळी जेटीवरच्या माणसाचा फोटो कोण काढणार? सगळ्या जगात महिपतचा चेहरा उरला होता तो एकाच ठिकाणी, माझ्या पट्टीवर, अगदी शेवटी, सात सेकंद.

पहिल्या वर्षी स्मृतिदिनाला, पुण्यानुमोदनाच्या दिवशी, दत्तात्रेय टीव्ही आणि व्हीसीआर एस.टी.त घालून आगरदांड्याला आला, आणि मला त्याने महिपतच्या बायकोच्या, पुतळाबाईच्या हातात कायमची दिली. सगळी भावकी जमली होती. त्यांनी मला शेवटापर्यंत पळवलं, चेहरा आला आणि चित्र थांबवलं. टीव्हीपुढे मेणबत्त्या लावल्या, फुलं वाहिली. त्रिशरण, पंचशील, मग दोन-चार जणांनी त्याच्या आठवणी सांगितल्या. महिपत पडद्यावर किंचित थरथरत उभा होता. पाच मिनिटांनी मशीन आपोआप बंद पडलं. ते शहाणं होतं, त्याला माहीत होतं की एका जागी फार वेळ थांबायचं नसतं. पण मंडळींना वाटलं मशीन बिघडलं. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा पाच मिनिटं, पुन्हा लावलं. तास-दीड तास असं चाललं.

मला तेव्हाच ओरडावंसं वाटलं होतं. चित्र थांबलेलं दिसतं, पण आत मशीनचं चाक थांबत नाही, ते त्याच जागेवर गरागरा फिरत राहतं आणि पट्टी घासत राहतं. माझ्या त्या वीतभर पट्टीवर तेरा वर्षं, दर जूनमध्ये, लोकांनी हात जोडून वंदना केली आणि खालून चाक मला खात राहिलं. आम्हा कॅसेटींना कुणी लावल्याशिवाय बोलता येत नाही, आणि मला जे बोलता येत होतं ते सगळं भुताचं होतं.

महिपतच्या चेहऱ्यावर हळूहळू रेघा आल्या. सगळ्यांना वाटलं, टीव्ही जुना झाला. दत्तात्रेय टीव्हीला वरून दोन थापा मारी. जयमाला दरवर्षी पडद्याच्या आणखी जवळ सरकून बसायची. चौदाव्या वर्षी दत्तात्रेयचं शेवटचं मशीन बंद पडलं ते पडलंच. लायब्ररी त्याआधीच संपली होती. पुतळाबाईने मला स्वच्छ धडप्यात गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं.

तिथे मी जवळजवळ वीस वर्षं पडून होते. कोकणातली हवा तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या अंगावर पांढरी बुरशी धरली. वादळात घराचे पत्रे उडाले, तेव्हा पुतळाबाईने भांडी-कपडे सोडून माझी पेटी पोटाशी धरली आणि भिजत बसून राहिली. जयमाला शिकून काशीदला शिक्षिका झाली. आईकडे आली की तिची नजर एकदा त्या रिकाम्या खिळ्याकडे जायची. तो खिळा कुणी काढला नाही आणि त्यावर दुसरं काही अडकवलंही नाही.

मागच्या हिवाळ्यात दारात एक गाडी थांबली. उरणकडचा मितेश नावाचा तरुण. घरचा ट्रकचा धंदा, पण याला नाद भुताच्या जुन्या कॅसेटींचा. असे नादिष्ट देशभर आहेत म्हणे. रबरी मुखवटे, उघड दिसणाऱ्या तारा, लाल रंग कालवून केलेलं रक्त, सगळ्यावर जीव टाकतात. 'दलदल का दूल्हा' या सगळ्यांनी फक्त ऐकला होता, पाहिला कुणीच नव्हता. मितेश शोधत शोधत म्हाताऱ्या दत्तात्रेयपर्यंत पोचला आणि दत्तात्रेयने त्याला पुतळाबाईचं घर सांगितलं. मुंडावळ्यावालं भूत म्हणजे याच घरचा माणूस, हे कळल्यावर मितेशने उंबऱ्यावरच खाली वाकून पुतळाबाईला नमस्कार केला.

जयमालाने त्याला एकच अट घातली. सिनेमा खुशाल न्या, पण शेवटच्या चेहऱ्याचा एक फोटो काढून द्या. भिंतीवर लावायचा आहे.

मितेशचे हात चांगले होते. त्याने माझे पाचही स्क्रू उघडले, मऊ कापडाने वीतवीत पट्टी पुसली, बुरशी काढली. बरोबर आणलेल्या मशीनमध्ये मला घातलं. इतक्या वर्षांनी अंगातून वीज गेली. चिखल आला, तिवरं आली, फुगलेले कान आले. खेकडा आला, चार रेघांआडून, पण आला. मितेश टाळ्या वाजवून हसला. जयमाला हसली. पुतळाबाई पदर तोंडाला लावून हसली. मला वाटलं, निभावेल कदाचित. मित्रांनो, मी फार वेडी आशा केली.

मुखवटा गळाला. आणि पडदा पांढरा झाला. नुसते ठिपके, भुरभुरणारे. त्या ठिपक्यांमधून आवाज मात्र स्वच्छ आला, जेटीवरचा, भरदार.

"येतो गं."

मग काहीच नाही.

जयमालाने विचारलं, मशीनचं काही चुकलं का. मितेशने तीनदा मागे-पुढे करून बघितलं. चित्र पट्टीच्या मधल्या भागात असतं आणि आवाज कडेच्या बारीक रेघेत. फिरतं चाक मधलं खातं, कडेला तेवढं लागत नाही. तो खाली बघत म्हणाला, "ताई, इथं कोणीतरी लय टाइम पॉज करून ठेवलंय. बाकी सगळी टेप चांगलीये. फक्त हेच गेलंय."

जयमालाला समजायला वेळ लागला नाही. तिने डोळ्यांनीच त्याला खुणावलं, आईपुढे बोलू नका. पण पुतळाबाईला ऐकू चांगलं येतं. ती भिंतीकडे बघत होती.

"तुझ्या बापाला मीच उभा करून ठेवला," ती म्हणाली. "तेरा वरसं. मला वाटलं, आमी डोळं भरून बघतोय. पाय दुखलं असतील त्यांचं."

थोड्या वेळाने तिने पुन्हा लावायला सांगितलं. पांढरा पडदा आला, आवाज आला, आणि सवयीने मितेशचा हात थांबवायच्या बटणाकडे गेला. पुतळाबाईने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"न्हाय. आता थांबवू नको," ती म्हणाली, आणि पडद्याकडे वळली. "या."

मी शेवटपर्यंत फिरले. माझ्या पट्टीचं टोक सुटून खट्कन आवाज झाला, तेव्हाच थांबले.

मितेशने सिनेमाची नक्कल काढून त्याच्या मंडळींना दाखवली. जाण्याआधी त्याने जयमालाला भुताचं नाव-गाव विचारून घेतलं होतं, आणि श्रेयनामावलीत जे कधीच नव्हतं ते सुरुवातीलाच लिहिलं, 'महिपत, आगरदांडा'. त्याने जयमालाला फोनवर सांगितलं की लोक वेडे झाले आहेत. खेकड्यावर हसतात, आणि शेवटावर तर थक्क होतात. भूत पांढऱ्या ठिपक्यांत विरून जातं आणि फक्त आवाज उरतो, असा शेवट त्या काळात सुचला कुणाला, असं विचारतात. मितेशने त्यांना खरं कारण सांगितलेलं नाही. जयमालाने सांगू नका म्हटलं.

भिंतीवर फोटो आला नाही. जयमालाने एक छोटी पांढरी पिशवी शिवली, मला तिच्यात घातलं आणि त्या रिकाम्या खिळ्याला अडकवलं. या जूनमध्ये पुण्यानुमोदनाला मेणबत्त्या माझ्यापुढे लागल्या. टीव्ही कुणी आणला नाही. पंचशील झालं, आठवणी सांगून झाल्या, आणि जयमालाच्या लेकीने, प्राप्तीने विचारलं की आजोबा दिसायला कसे होते. खोलीतल्या प्रत्येकाने निराळं सांगितलं. मला खरं ठाऊक होतं, कधीकाळी. आता मलाही आठवत नाही.

मित्रांनो, आवडती वस्तू जपायची म्हणून तिला एका जागी धरून ठेवू नका, धरलेली जागाच आधी झिजते. वेळ आहे तोवर तिची दुसरी प्रत काढा. आणि घरातलं माणूस चपला घालून 'येतो' म्हणालं, तर हातातलं काम सोडून एकदा त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघून घ्या. माझ्या भरवशावर राहू नका.