सातव्या दाराची सुई

त्या वर्षी लोणंदच्या बाजारतळावर दर आठवड्याला मांडवात पाय ठेवायला जागा नसायची. लोक नाथाजी वैद्याला बघायला यायचे.

"काखेतनं एक रेघ निघती," डावा हात दाखवत तो सांगायचा, "कोपरातनं, मनगटातनं थेट करंगळीच्या टोकापतुर. ही काळजाची वाट. हिला नऊ दारं. चीनमधी दोन हजार वर्सं ह्या दारांत सुया टोचत्यात. सातवं दार मनगटात. ते मिटलं की काळीज माझ्या हुकमात!"

मग तो मनगटात सुई टोचायचा आणि लोकांना नाडी बघायला लावायचा. नाडी खरोखर बंद! सुई काढली की पुन्हा सुरू. लोक हात जोडायचे.

माझे दाजी आकाराम कांद्याच्या वखारीत पोती उचलत. त्यांच्या छातीतली कळ डाव्या करंगळीपर्यंत उतरायची. नाथाजीने सुया टोचून अर्धा तास निजवलं, कळ गेली.

"गुंडा, सुईनं ग्येली बघ!"

मी शाळेत विज्ञान शिकवतो. म्हणालो, "दाजी, ओझं टाकून पडलात म्हणून गेली. नुसतं बसलं तरी जाते. डॉक्टरांच्या गोळ्या सोडू नका."

त्यांनी सोडल्या. अठराव्या दिवशी वखारीतच गेले.

माझी बहीण विजयमाला अक्का रडली नाही. मलाही रडू आलं नाही. माणसं येत होती, चहा होत होता, आम्ही दोघं नुसते बसून होतो.

चौदाव्या दिवशी ती म्हणाली, "गुंडा, मांडवात त्या नाथाजीची नाडी मी सवता धरली व्हती. थांबली व्हती रं. ती कशी?"

मी रबरी चेंडू काखेत धरून दंड अंगाशी आवळला आणि मनगट तिच्या हाती दिलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "थांबली."

"हाताला रक्त काखेतूनच येतं. तिथं दाबलं की मनगटात नाडी लागत नाही. काळीज चालूच असतं."

तिने चेंडूकडे पाहिलं.

पुढच्या बाजारी ती माझ्याबरोबर मांडवात आली. नाथाजीने सुई टोचली, डावा हात पुढे केला. अक्काने उजवा धरला.

"बाई, नाडी हिकडं बघायची."

"काळीज थांबलंय न्हवं? मग ही कशी चालतीय?"

मागचे लोक उठून बघू लागले.

"आता डावा हात वर करा," अक्का म्हणाली.

तो करेना. पुढच्या रांगेतल्या कोंडीबाने त्याचा दंड धरून वर केला. झब्ब्यातून चेंडू घरंगळत खाली पडला.

लोकांनी शिव्या दिल्या, नाथाजी पळाला. मला आनंद झाला नाही. अक्का मात्र तिथेच उभी राहून, वाण्याला यादी सांगावी तशा आवाजात बोलली.

"त्या नऊ दारांचं खरंखोटं तपासणारे तपासतील. माझा नवरा ह्याच्यावर इस्वास ठिवून ग्येला. तुमी तसं करू नगा. छातीत कळ आली तर हातातलं काम टाका आन दवाखान्यात जावा. बरं वाटलं तरी जावा. आन चमत्कार दिसला की हात जोडायच्या आदी इचारा, ह्यो कसा केला?"