मोळीतलं एक लाकूड

दीपमाला पाटील शिरपूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावीला मराठी शिकवायच्या. माहेर पारोळ्याचं, राहायला धुळ्याला, रोज एसटीने ये-जा. वर्गातली मुलं निबंध गाईडमधून पाठ करून लिहीत. सत्तर वह्यांमध्ये एकच सूर्योदय सत्तर वेळा तपासल्यावर त्यांनी शुक्रवारचा एक तास वेगळा काढला. त्या तासाला त्या एखादी जाहिरात, बातमी किंवा फोटो घेऊन येत आणि झेरॉक्स काढून वाटत. कोणीही काही म्हटलं की त्यांचा एकच प्रश्न ठरलेला, "कशावरून?"

फेब्रुवारीत त्यांनी वर्तमानपत्रातला एक फोटो आणला. मागे डोंगर, समोर डांबरी रस्ता आणि डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई. खाली छापलं होतं : 'सातपुड्यात वृक्षतोड सुरूच. जंगलातून लाकडे घेऊन जाणारी महिला.'

पहिली दहा मिनिटं मुलांनी फोटोखालच्याच ओळी आपल्या शब्दांत परत सांगितल्या. झाडं तोडू नयेत, पर्यावरणाचा ऱ्हास होतो, वगैरे. मग स्वप्नील उठला. तो तापीकाठच्या एका गावचा, घरी कापसाची शेती. घाईत तो घरच्या बोलीतच बोलला.

"मॅडम, हाई जंगलनं लाकूड नही. बठ्ठ्या पऱ्हाट्या शेतस."

"कशावरून?"

"टोकाला बघा ना. सुकेल बोंडं लटकताहेत. आणि काड्या एकसारख्या, बोटभर जाड. कापसाची झाडं उपटली की वाळक्या काड्यांच्या अशाच मोळ्या बांधतात."

सगळ्यांनी कागद डोळ्यांजवळ नेले. बोंडं होती. ज्यांच्या घरी चुलीत रोज पऱ्हाट्या जळत होत्या, त्यांनाही ती आतापर्यंत दिसली नव्हती.

मागच्या बाकावर रोहिणी पावरा कागद उलटा ठेवून बसली होती. ती डोंगराच्या पायथ्याच्या गावातली, शिरपूरला वसतिगृहात राहणारी. वर्गात ती फारशी बोलत नसे. त्या दिवशी तास संपत आल्यावर ती जागेवरूनच म्हणाली, "मॅडम, ही माझी काकी आहे."



काकीचं नाव दिवालीबाई. त्या गावातल्या गिरधर आबांच्या शेतात मजुरीला जात. कापूस उपटायचं काम होतं. पऱ्हाट्या मजुरांनी न्यायच्या असा रिवाज होता. रस्त्यात कोणीतरी मोटारसायकल थांबवून फोटो काढला. पेपरात आल्यावर तो गावातल्या मोबाइलांवर फिरला. कामावरचे लोक त्यांना 'जंगलचोर' म्हणून हाक मारायला लागले. काहींना ती गंमत वाटत होती. दिवालीबाईंनी आठवडाभर कामावर जाणं सोडलं होतं. हे सगळं रोहिणीने चार-पाच वाक्यांत सांगितलं आणि ती खाली बसली.

"पेपरला पत्र लिहू," स्वप्नील म्हणाला. बाकीच्यांनीही गलका केला.

"लिहू," मॅडम म्हणाल्या, "पण पेपरवाले उलटून काय विचारतील ते आधी आपण विचारू. स्वप्नील, सोमवारी तू पेपरची बाजू घे."

"मी? मी तर त्यांच्या विरुद्ध आहे."

"म्हणूनच."

सोमवारी स्वप्नील मूळ फोटो मोबाइलवर मोठा करून घेऊन आला. त्याचा चेहरा उतरलेला होता. "मॅडम, मोळीत मधे एक लाकूड आहे. मनगटाएवढं. साल ओली आहे, कापलेलं टोक पांढरं दिसतं. ते कापसाचं नाही."

रोहिणी उभी राहिली. "शुक्रवारी तर तू सगळ्या पऱ्हाट्या म्हणालास."

"तेव्हा मी नीट बघितलं नव्हतं."

"आणि बाजू बदलली तसं लाकूड उगवलं?"

"ते आधीपासूनच होतं, रोहिणी. तू बघ ना."

तिने बघितलं. लाकूड होतं. मॅडमनीही बघितलं. हा प्रश्न निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "फोटोवरून एवढंच कळतं. ते कुठून आलं, हे फोटो सांगत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना विचारावं लागेल."

शनिवारी रोहिणी काळीपिवळी जीपने गावी गेली. दिवालीबाईंनी तो फोटो मोबाइलवर एवढा मोठा पहिल्यांदाच पाहिला.  म्हणाल्या, लुगडं तरी धड नेसले असते. दोघी आपल्या पावरी बोलीत बोलत होत्या. रोहिणीने लाकडावर बोट ठेवलं आणि हे कुठलं, असं विचारलं.

बांधावरची बाभळीची फांदी, काकीने सांगितलं. वाटेत येत होती, आबांनी तोडायला लावली. कुदळीला दांडा हवा होता म्हणून आणली.

"आबांनी सांगितलं तेव्हा कोण होतं तिथे?"

काकीने मोबाइल तिच्या हातात परत दिला. "तूही तेच विचारतेस?"

"मी नाही, काकी. वर्गात विचारतील."

"विचारलंस तूच."

 दिवालीबाई उठून घरामागे गेल्या आणि कुदळ आणून तिच्यासमोर टाकली. दांडा नवा होता, बाभळीचा. रोहिणीने त्याचा फोटो काढला. संध्याकाळी ती आबांच्या मळ्यातही जाऊन आली. आबा म्हणाले, "मीच सांगेल होतं, पोरी. मना बांध, मनी बाभूळ." त्यांनी आपल्या बांधावरच्या बाभळीला राहिलेला फांदीचा खुंट दाखवला. तिने त्याचाही फोटो घेतला. काकी मात्र रविवारी गाडी सुटेपर्यंत तिच्याशी मोजकंच बोलल्या.

पत्र लिहायला बसल्यावर स्वप्नीलच म्हणाला, "लाकडाचं राहू दे. कोणी एवढं बारीक बघत नाही. उगाच त्यांना आयतं निमित्त कशाला द्यायचं?"

"लिहायचं," रोहिणी म्हणाली. "ते विचारून मी काकीला दुखवलंय. आता तिने दिलेलं उत्तर मी गाळणार नाही."

पत्र एका पानाचं झालं. बोंडं, काड्यांची जाडी, मधलं लाकूड, आबांचं म्हणणं, खुंटाचा आणि कुदळीचा फोटो. काकीचं नाव घातलं नाही. बावीस जणांनी सह्या केल्या. मॅडमनी ऱ्हस्वदीर्घ तेवढं सुधारलं.

नऊ दिवसांनी आतल्या पानावर तीन ओळी आल्या : 'दि. ४ च्या अंकातील छायाचित्रात दिसणारी मोळी कापसाच्या पऱ्हाट्यांची असल्याचे शिरपूर येथील विद्यार्थ्यांनी कळविले आहे.'

वर्गात आधी टाळ्या पडल्या. मग रोहिणी म्हणाली, "असल्याचे कळविले आहे. म्हणजे हे आपण म्हणतो. ते काहीच म्हणत नाहीत. चूक झाली असंही नाही."

"लाकडाचंही नाही," स्वप्नील म्हणाला.

 वर्गाने दुसरं पत्र पाठवलं, त्याला उत्तर आलं नाही.

रोहिणी कात्रण घेऊन गावी गेली. बाजाराचा दिवस होता. काकीने तिला चार बायांमध्ये बसवून ते मोठ्याने वाचायला लावलं. रोहिणीने आधी मराठीत वाचलं, मग आपल्या बोलीत सांगितलं. बायांनी मान डोलावली. त्यातली एक म्हणाली, मी तर आधीच म्हणत होते. दिवालीबाईंनी कात्रण चार घड्या करून चोळीत ठेवलं आणि रोहिणीसाठी शेवेचा पुडा घेतला.

शुक्रवारी तास संपल्यावर रोहिणी मॅडमच्या टेबलाशी थांबली.

"मॅडम, मी वाचताना बदललं. आमच्या बोलीत सांगताना 'विद्यार्थ्यांनी कळवलं' हे गाळलं. पेपरवाले म्हणतात आमची चूक झाली, असं सांगितलं."

पाटील मॅडम हजेरीपटावर खुणा करत होत्या. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"काकीला खरं कधी सांगणार आहेस?"

"माहीत नाही," रोहिणी म्हणाली. "सोमवारपासून ती परत कामाला जाते."

मॅडमची एसटी पावणेपाचची होती. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, खुर्ची पुढे सरकवली आणि तिला बसायला सांगितलं.