एकसष्ट मीटर

"पुन्हा मोजा," साहेब म्हणाले.

"तीनदा मोजलंय, साहेब. एकसष्टच भरतं."

मोजणीदाराने अर्ज टेबलावर ठेवला. शाळेच्या फाटकापासून दारूच्या दुकानाच्या उंबरठ्यापर्यंत, पायी चालण्याच्या वाटेने, किमान पंचाहत्तर मीटर अंतर हवे, असा परवान्याचा नियम होता. लांब दांड्याचे मोजचाक रस्त्यावरून ढकलत तो चोवीस वर्षे हेच अंतर मोजत आला होता. गावभर लोक त्याला 'चाकवाले काका' म्हणत.

"अहो, नियमात 'अधिकाऱ्यांच्या मते' असं काहीतरी असतं ना?"

"होतं. त्या दोन शब्दांवर तुमच्या आधीच्या साहेबांनी वर्षात अकरा परवाने वाटले. मग न्यायालयानं ते शब्दच रद्द केले. पंचाहत्तरच्या आत आता कुणाचंच मत चालत नाही."

"काका, तुम्ही माणूस आहात की पट्टी?"

"चाकाला कुठं मत असतं, साहेब?"

अर्ज फेटाळला गेला. त्या संध्याकाळी बायको म्हणाली, "आज स्वारी खुशीत? बढती मिळाली वाटतं!"

"बढती कसली! नियम टिकला."

तीन आठवड्यांनी तोच अर्ज पुन्हा आला. दुकान तेच, उंबरठाही तोच. मोजणीदार चाक घेऊन शाळेपाशी पोहोचला आणि जागीच थबकला. फाटकाच्या जागी विटांची नवी भिंत उभी होती. तिच्याशेजारी शाळेच्या शिपाईबाई उभ्या होत्या.

"फाटक कुठं गेलं, बाई?"

"मागं, गटाराच्या बाजूला. दुकानवाल्यानं शाळेला रंग दिला, वर ही भिंत फुकट. शाळेचे अध्यक्ष म्हणाले, पुढचा रस्ता मुलांना धोक्याचा!" बाईंनी विटांकडे हात उडवला. "अठरा वर्षं फाटक मी उघडलं. मेल्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही."

त्याने मागच्या फाटकापासून मोजले. गटाराच्या कडेने, दोन बोळांतून, तीन वळणे घेत चाक दुकानाच्या उंबरठ्याशी आले. एकशे अठरा. भिंतीपाशी परतल्यावर ते चाक उचलून विटांवर आपटावे, असे त्याला वाटले.

फोन वाजला. "काय मग काका, आकडा?"

"एकशे अठरा. पण साहेब, हा नियम पाळणं नव्हे. तुम्ही शाळाच फिरवलीत!"

"हे तुमचं मत झालं. अर्जात मताचा रकाना आहे?"

मत चालत नाही, हा त्याचाच मुद्दा साहेबांनी त्याच्या तोंडावर फेकला होता.

"नाही."

"मग करा सही."

भिंतीला कागद टेकवून त्याने आकडा लिहिला, सही केली. मग सहीच्या खाली, जिथे कुठलाच रकाना नव्हता, तिथे कागद फाटेल इतका जोर देऊन लिहिले : 'जुन्या फाटकापासून ६१. भिंतीचे सिमेंट अजून ओले आहे.'

"काका, नोकरी जाईल," बाई हळूच म्हणाल्या.

"जाऊ दे. मोजलंय ते लिहिलंय."

शाळा सुटल्याची घंटा झाली. बाईंचा हात सवयीने कमरेच्या किल्लीकडे गेला आणि तिथेच राहिला. भिंतीपलीकडे मुलांचे पाय धावत आले, विटांपाशी थांबले, आणि लांबच्या वाटेने परत वळले.