अकरा डबे

प्राचार्यांनी पाण्याची बादली पायानेच वर्गाबाहेर सरकवली. पाणी हिंदकळून देवानंदच्या चपलांवर सांडलं. अकरा पोरं-पोरी हातात ओले कुंचले घेऊन शहाबादी फरशीवर उकिडवी बसली होती, आणि त्यांनी काढलेली चिनी अक्षरं चैत्राच्या उकाड्यात वाळून चालली होती.

दिल्लीला चिनी शिकून आलेल्या देवानंदने हा प्रमाणपत्राचा वर्ग विद्यापीठाशी भांडून जालन्याच्या कॉलेजात आणला होता. पहिले दोन महिने पोरं वहीत नुसती खाडाखोड करायची आणि चुकलं की माना खाली घालायची. मग त्याने वह्याच बंद केल्या. एक बादली पाणी, तीत सगळ्यांनी कुंचला बुडवायचा आणि फरशीवर लिहायचं. चुकलं तर वाळून जातं, कुणाला कळतही नाही. तेव्हापासून हसनाबादचा भुजंग पहिल्या एस्टीने यायला लागला. तीर्थपुरीची शिवकन्या मराठीतसुद्धा तोंड उघडत नसे, ती आता दुसऱ्यांच्या चुका काढायची.

तक्रार होती ती बादलीची. बौद्ध मास्तर बादली भरतो आणि तीत सगळ्या जातींची लेकरं हात घालतात, असं संस्थेचे सचिव राधाकिसन यांच्या कानावर गेलं होतं. प्राचार्यांनी मात्र आरोग्याचं कारण सांगितलं. शिकल्यासवरल्या माणसाला विटाळ म्हणायची लाज वाटते, पाळायची वाटत नाही.

"उद्यापासून ज्याचा त्याचा डबा," ते म्हणाले. "घरून आणायचा, वर नाव घालायचं. न्हाई जमलं तर वर्ग बंद."

"एवढी वर्षं झाली, साहेब," देवानंद म्हणाला. "अजून पाण्यापाशीच अडून राह्यलो का आपण?"

तोवर प्राचार्य निघून गेले होते.

दुसऱ्या दिवशी देवानंद तडकलेल्या डोक्यानेच आला. पोरांनी मुकाट्याने डबे आणले असतील तर त्यांनाही सुनवायचं आणि नोकरीवर लाथ मारायची, असं त्याने ठरवलं होतं. डबे आणलेच होते. डालड्याचे, बिस्किटांचे, अकराच्या अकरा भिंतीला लावून ठेवलेले.

"तुम्ही बी?" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

शिवकन्याने एक डबा उचलून त्याच्यापुढे धरला. वर काळ्या रंगाने चिनीत लिहिलं होतं. पण ते नाव नव्हतं. एकच अक्षर होतं, पाणी. त्याने दुसरा डबा पाहिला, तिसरा पाहिला. अकराही डब्यांवर तेच. भुजंगने हाताशी आला त्या डब्यात कुंचला बुडवला, आणि त्याच्या मागोमाग त्याच डब्यात शिवकन्याने.

तेवढ्यात प्राचार्य बघायला आले. चिनी अक्षरं त्यांना सगळी सारखीच दिसत. डब्यांवरून नजर फिरवून त्यांनी विचारलं, "नावं घातली ना? कोणता कुणाचा, जरा वाचून दाखवा."

देवानंदचा राग अजून उतरला नव्हता. तो खाली वाकला आणि पहिल्या डब्यावरच्या अक्षराखाली त्याने बोट ठेवलं.

"भुजंग," त्याने वाचलं. बोट दुसऱ्या डब्यावर गेलं. "शिवकन्या."

अकरावं नाव येईपर्यंत तो एकदाही अडखळला नाही. प्राचार्य प्रत्येक नावाला मान हलवत होते.

"बराबर," ते म्हणाले. "आता कसं, ज्याचं त्याच्यापाशी."