ताईंचं ध्यान

दातांच्या लॅबमध्ये ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून साचे व्हायचे आणि त्या साच्यांवर ताई मेणाचे दात कोरायच्या. त्यांच्या हातची कवळी घातलेली माणसं सफरचंद चावून खातात, असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. कोणाचं भांडण असो, कोणाच्या मुलीचं लग्न असो, "ताईंना विचारा" हे ठरलेलं.

या ताई रोज पहाटे ध्यान करायच्या. निदान घरी आणि शेजारी तरी तसं सांगितलेलं होतं. शेजारीण कौतुकाने विचारायची, "कसलं ध्यान करता हो? चेहरा किती शांत झालाय तुमचा!" ताई म्हणायच्या, "श्वासाचं." खरं म्हणजे त्या वेळी मागच्या खोलीचं दार लावून, कानाला हेडफोन अडकवून, ताई एका गळक्या जहाजाचं सुकाणू धरून बसलेल्या असायच्या आणि मागे चाचे लागलेले असायचे. मुलगा शिकायला दूर गेला, त्याचं गेमचं मशीन घरात राहिलं. सुरुवातीला धूळ पुसायला म्हणून हात लावला, आणि मग तो हात काही सुटला नाही.

यात लपवण्यासारखं काय होतं? काहीच नाही. माणूस संध्याकाळभर टीव्हीसमोर तोंड उघडं टाकून बसला तर त्याला कोणी नावं ठेवत नाही. तोच पडदा त्याने स्वतःच्या बोटांनी हलवला की मात्र वाया गेला. त्यातून पन्नाशीची बाई म्हणजे विचारायलाच नको. ताईंना जग चांगलं ठाऊक होतं, म्हणून त्या गप्प होत्या.

जहाजावर शिडं सांभाळायला मात्र दुसरं माणूस लागायचं आणि ते माणूस लॅबमध्येच होतं. प्लास्टरच्या टेबलावरचा, तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा. गेम खेळतो हे त्याने कधी लपवलं नाही, म्हणून सगळे त्याला 'बाळराजे' म्हणायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत तो मोबाइलवर नकाशा बघत होता. ताई मागून हळूच म्हणाल्या, "त्या बेटाच्या उत्तरेला खडक आहेत. तिकडून नको नेऊस." त्याने वळून पाहिलं, तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. पुढे ही गोष्ट त्याने जिवापलीकडे जपली. लोकांसमोर ताई आणि बाळराजे, पहाटे मात्र आपापल्या घरून, एकाच जहाजावरचे दोघं बरोबरीचे खलाशी. वाऱ्याची वाट बघताना ताई त्याला नवऱ्याशी न बोललेलं बोलायच्या. मुलाचा फोन येत नाही, हे त्यांनी फक्त त्यालाच सांगितलं होतं. आणि त्याने सांगितलं होतं की, त्याला भट्टी हवी आहे.

सिरॅमिकचे दात भाजायची भट्टी म्हणजे लॅबमधली मानाची जागा. भट्टीवाले काका निवृत्त व्हायला आले, तेव्हा एका दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना मालकांनी विषय काढला. "भट्टी कोणाकडे द्यायची?"

"बाळराजांकडे तेवढी नका देऊ हं," पॉलिशवाली म्हणाली. "दाताची कॅप जळली की म्हणतील, थांबा, अजून दोन लाइफ शिल्लक आहेत!"

सगळ्यांनी दात काढले. तो खाली मान घालून डब्यातलं चिवडत राहिला.

"ताई, तुम्ही सांगा," मालक म्हणाले. "तुम्ही म्हणाल तसं."

ताईंच्या अगदी ओठांवर आलं होतं, की खेळण्याचा आणि भट्टीचा काय संबंध? पण लगेच दुसरा प्रश्न आला असता, ताई, तुम्हाला याचा एवढा पुळका का? सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे लागले होते आणि त्या डोळ्यांत आदर होता. तो आदर त्यांना सोडवला नाही.

"आधी मोठा तर होऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "मग बघू."

केवढा हशा पिकला! मालकांनी तर टेबलावर थाप मारली. ताईंनी डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो जहाजावर आला नाही. त्यानंतरही नाही. एकट्याने शिडं आणि सुकाणू सांभाळता येत नाही; जहाज बंदरात नुसतं डुलत राहिलं. शेवटी ताईंनी त्याला बेसिनपाशी गाठलं. "चुकलं रे माझं. मी तसं बोलायला नको होतं."

"नाही ताई, बरोबरच बोललात," प्लास्टरचे हात धूत तो म्हणाला. "मशीन विकून टाकलं मी." आवाजात राग असता तर ताईंना बरं वाटलं असतं. राग नव्हता.

मग तो सगळ्यांच्यात बसायला लागला. गाड्यांच्या किमती, व्यायाम, घराचे हप्ते, सगळ्यांत बोलायला लागला. 'बाळराजे' हे नाव आपोआप गळून पडलं. काका निवृत्त झाले आणि भट्टी त्यालाच मिळाली. त्या दिवशी मालकांनी सगळ्यांना चहा पाजला.

"सुधारला हो पोरगा," पॉलिशवाली म्हणाली. "ताईंचा शब्द बरोबर लागला बघा."

ताईंच्या आत काहीतरी तुटलं. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "सुधारायला काय झालं होतं त्याला? मी पण खेळते. रोज पहाटे. ध्यानबिन काही नाही. आम्ही दोघं बरोबर खेळायचो."

मग मालकांना ठसका लागला, आणि हसण्याचा असा स्फोट झाला की भट्टीची शिटीसुद्धा ऐकू आली नाही. "ताई, तुम्ही पण ना!" कोणीतरी डोळे पुसत म्हणालं. "हातात बंदूक घेऊन ताई!"

"थट्टा नाही करत मी." ताईंनी त्याच्याकडे पाहिलं. "सांग ना रे तू."

तो कपाच्या काठावरून बोट फिरवत राहिला. मग त्याने मान वर केली आणि हसला. सगळे हसत होते तसाच.

"ताईंचं काय, मला बरं वाटावं म्हणून म्हणतायत," तो म्हणाला. "ताई कशाला खेळतील?"

ताई त्याच्याकडे बघतच राहिल्या.

"बघा, बघा," पॉलिशवाली पोट धरून म्हणाली, "अजून चेहरा कसा गंभीर ठेवलाय ताईंनी!"