डावी मुरड

लानझीनं डूख धरला होता, आणि तो सोडायचा तिचा मुळीच विचार नव्हता. चौदा महिने झाले होते त्याला. तिची वहिनी गुईफेन हिनं किल्ली शोधायच्या निमित्तानं तिची पर्स उपसली, गोळ्यांची बाटली बाहेर काढली, बाटलीवरचं नाव मोबाइलवर शोधलं आणि लानझीला एचआयव्ही असल्याचं संध्याकाळच्या आत गल्लीच्या चव्हाट्यावर मांडलं. आठवड्याभरात लानझीची शाळेच्या खानावळीतली नोकरी गेली. रोग कुठून आला हे विचारणारे पुष्कळ निघाले. तिनं कुणालाच उत्तर दिलं नाही, आणि आपणही विचारू नये.

आई दादा-वहिनींकडे राहायची. तिला भेटायला लानझी गेली की तिच्यापुरता वेगळा वाडगा निघायचा. त्याच्या बुडाला वहिनीनं आपलं लाल नेलपॉलिश लावून खूण केली होती. तिच्या जियाओझी, म्हणजे पाण्यात शिजवायच्या करंज्यासुद्धा, वेगळ्या पातेल्यात उकळायच्या. आणि गंमत अशी, की त्या घरात जियाओझीची पारी लाटून, सारण भरून मुरड घालायची ती सात वर्षांच्या वयापासून लानझीनंच. ती डावखुरी. तिची मुरड उलट्या बाजूला वळायची. आई हसून म्हणायची, "सगळं जग उजवीकडे चाललंय, माझी पोर डावीकडे." आता तिनं पिठाकडे हात नेला की वहिनी गोड आवाजात म्हणायची, "तू बस गं. दमशील." सख्ख्या घरात इतकं डावं-उजवं.

राग परवडला, पण भीती वाईट. सकाळी डोळा उघडला की थर्मामीटर. मग मानेखाली बोटं घालून गाठी चाचपायच्या, मग आरशात जीभ बघायची. साधी शिंक आली तरी छाती धडधडायची आणि हातपाय गार पडायचे. डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "गोळ्यांनी विषाणू इतका कमी झालाय की यंत्रालाही सापडत नाही. आणि जेवणातून, वाडग्यातून तो लागत नाही, कुणाचाच नाही. भीतीला मात्र वेगळं औषध. धडधडलं की हातांना काम दे आणि मोजत राहा."

हातांना काम दिलं ते जियाओझीच्या दुकानवाल्या तेंगबाईंनी. लानझीनं आधीच सगळं सांगून टाकलं होतं. तेंगबाईंनी डोळेसुद्धा वर केले नाहीत. "माझ्या नवऱ्याला दमा, मला संधिवात, तुला हे. हात धू आणि बस," म्हणाल्या. एका मुरडीला अठरा चुण्या. लानझी मोजायची, आणि मोजता मोजता ऊर शांत व्हायचा.

मे महिन्यातल्या एका शनिवारी ती पडद्यामागे चुण्या घालत असताना बाहेरून ओळखीचा आवाज आला. "तीन ट्रे द्या हो. घरी कुणाला धड मुरड जमत नाही आता." वहिनी! लानझीचा हात अकराव्या चुणीवर थांबला, आणि मग ती तोंडावर एप्रनचं टोक दाबून हसली. जिनं नाक मुरडलं, तिच्या घशात आपलीच मुरड! त्या दिवसापासून वहिनीचे तीन ट्रे तिनं दुसऱ्या कुणाला करू दिले नाहीत.

वर्षातला सगळ्यांत लहान दिवस उजाडला. त्या दिवशी जियाओझी न खाणाऱ्याचे कान थंडीनं गळून पडतात, हे तिथं शेंबडं पोरही जाणतं. दुपारी सगळे जेवायला बसले. मधे मोठी परात वाफाळत होती. लानझीपुढे लाल खुणेचा वाडगा होता.

"तेंगबाईंचा हात म्हणजे हात!" तिसरा वाडगा भरत वहिनी म्हणाली. "स्वच्छता बघावी तर त्यांच्याकडे."

आता बोलायचं. पण लानझीच्या छातीत ढोल वाजायला लागला, जीभ टाळ्याला चिकटली. बोलले तर हे घर कायमचं बंद होईल, आईसुद्धा दिसणार नाही. तिनं वाडग्यातल्या जियाओझीच्या चुण्या मोजल्या. सोळा. सतरा. अठरा.

"वहिनी, मुरड कुठल्या बाजूला वळलीय, बघता का जरा?"

"म्हणजे?"

दादाचा घास तोंडातच राहिला. त्यानं जेवायच्या काड्यांनी एक जियाओझी उचलून उजेडात धरली. "डावीकडे," तो हळूच म्हणाला.

"मेपासून दर शनिवारी तीन ट्रे," लानझी म्हणाली. "तेंगबाईंची बोटं आखडलीत, वहिनी. त्या नुसता गल्ला सांभाळतात."

वहिनी पांढरीफटक पडली. ती मोरीकडे धावली आणि घसा खरवडून थुंकू लागली.

"सात महिने पचलं ते आता काय थुंकतेस?" आई म्हणाली. मोतीबिंदूनं तिला धड दिसत नव्हतं. तिनं घास तसाच चावत ठेवला. "मला पहिल्याच दिवशी कळलं. मुरड जिभेला लागते."

"आणि तुम्ही बोलला नाहीत, आई?" वहिनीनं मोरीतूनच विचारलं.

"बोलले असते तर तू आणणं बंद केलं असतंस."

लानझीचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले. आज रडायचं नव्हतं.

वहिनी दाराला धरून उभी राहिली. "लानझी, मला... तपासणी करावी लागेल का गं?"

डॉक्टरबाईंचं वाक्य लानझीच्या जिभेच्या टोकावर होतं. एका वाक्याचं काम. तिनं ते गिळलं.

"करा की. रांगेत गल्लीतलं कुणीतरी भेटेलच. निकाल येईपर्यंत सकाळी उठून ताप बघायचा, मानेखाली गाठी चाचपायच्या. काही अवघड नाही, मी शिकवते."

वहिनीचा हात नकळत मानेकडे गेला. ते पाहून लानझीला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा छाती दुसऱ्याची धडधडत होती.

"सांग ना गं," वहिनी रडवेली झाली. "यातून लागत नाही ना? तुला माहीत असेल. सांग ना!"

लानझीनं लाल खुणेचा वाडगा बाजूला सारला, आपल्या काड्या मधल्या परातीत घातल्या आणि सगळ्यांत टपोरी जियाओझी उचलली.

"थांबा वहिनी, आधी खाऊ द्या," ती म्हणाली. "गार झाली तर माझे कान गळायचे."