उसाच्या मोळीला पाय फुटले

पौषातलं केशरकांत, कोवळं ऊन कृष्णेच्या पुलावरून घरंगळत आलं आणि भोगीच्या बाजारात फतकल मारून बसलं. वांग्यांच्या जांभळ्या गालांवर, गाजरांच्या लाललाल नाकांवर, पावट्याच्या हिरव्यागार पोटांवर.

त्या रंगकल्लोळात शिरली इंदुमती. एकटी. खांद्याला कापडी पिशवी.

मागं तिच्या मनात एक वादळ उठलं होतं. काळंकुट्ट, कुजबुजतं. कुणीतरी पाठलाग करतंय, करतंय, करतंय, म्हणणारं. गोळ्यांनी आणि माणसांनी ते निवलं. आता ती नदीकाठच्या, मनानं सावरणाऱ्या माणसांच्या घरात राहायची. भांडायची, भाकरी थापायची.

आणि आज ठरलेलं, भोगीची भाजी एकटीनं आणायची. जमलं, तर संक्रांतीनंतर वेशीजवळची भाड्याची खोली तिची. खिडकी तिची, कुलूप तिचं, किल्ली तिची!

वांगी घेतली. मानेवर नजर टोचली.

गाजरं घेतली. नजर पुन्हा टोचली.

आलं वाटतं वादळ! गेली खिडकी, गेली किल्ली.

पण घरात शिकवलेलं आठवलं. वाटलं म्हणून लगेच मानायचं नाही, दुसऱ्याला विचारायचं. समोर पावटेवाली बसलेली, कपाळभर कुंकू, गालभर पान.

"मावशी, खरं सांगा. माझ्या मागं कुणी आहे का हो?"

मावशीनं मान वाकडी केली. "हायत की! एक चष्मेवाली उसाच्या मोळीमागं दडलीया. आन् एक मिशीवाला डोक्यावर टोपली पालथी घालून बसलाय. कोण गं ती खुळी?"

इंदुमतीनं तिरकं पाहिलं. चष्मा शर्वरीमॅडमचा, अख्खं घर चालवणाऱ्या बाईंचा. मिशी बबनमामांची, घरातल्या आचाऱ्याची.

"खरी आहेत! मावशी, खरी आहेत!"

"मग खोटी कशी असत्याल?"

इंदुमतीच्या पोटातून हसू उसळलं, दुधासारखं, उतू जाणारं.

मग तिनं ती वरात फिरवली. ऐटीत, झोकात, मिरचीगल्लीतून! रक्तवर्ण, नेत्रदाहक, नाकझोंबरी ती गल्ली. उसाच्या मोळीला पाय फुटले, मोळी शिंकत चालली. टोपली शिंकली, आंधळी झाली, म्हशीवर आपटली. म्हशीनं शेपटीची चवरी ढाळली, शेणासकट. इंदुमती बांगडीवाल्यांच्या गर्दीत शिरली ती शिरलीच.

दोघं घरी पोचली तेव्हा डोळे लाल, सदरा हिरवा. दारात कंबरेवर हात ठेवून इंदुमती.

"कुठं होता? न सांगता बाहेर जायचं नाही, नियम कुणाचा?"

"नाही हो इंदूताई, आपलं सहज..."

"सहज? मामा, टोपली घालून?"

मामांनी मिशीतलं शेण पुसलं.

मग तिचा आवाज ओला झाला. "मॅडम, काळजी करा. पण समोरून करा. क्षणभर मला माझ्याच मनाची भीती वाटली हो."

मॅडमची मान खाली गेली. "चुकलंच," म्हणाल्या, आणि आपल्या जुडग्यातून खोलीची किल्ली सोडवली.

बाजरीच्या भाकरीवर तीळ तडतडले.

संक्रांत सरली. कृष्णेच्या पुलावरून इंदुमती निघाली, कनवटीला किल्ली, पुढं एकटीची लांबलचक सावली. पूल संपताना तिनं वळून पाहिलं, मुद्दाम, मिस्कील. मागं कुणी नव्हतं. होतं फक्त ऊन. चवड्यांवर चालत, हसू दाबत, हलके हलके, मागं मागं.